नमुना

जाहिरात व्हरांड्यातल्या फळ्यावर एका टाचणीला लोंबत होती:
पीएच.डी.च्या जागा दोन. आतड्यातले सूक्ष्मजीव
आणि ज्याच्या त्याच्या देहाजोगा आहार.
मी वयाची अट आधी वाचली.
चार महिने उरले होते.

सात वर्षं द्वारकेच्या पॅथॉलॉजीत
मी पांढऱ्या झाकणाच्या डब्या घेतेय.
माणसं पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी घालून आणतात,
काउंटरवर ठेवताना पंख्याकडे बघतात,
नाव सांगतात हळू,
जणू डबी शेजाऱ्यांची आहे.

गंगापूर रोडला मुलाखत. टेबलाशी तिघं, मधे बिस्किटं.
डॉ. कुलथे म्हणाल्या, समजा दोघी जावा.
एका तव्यावरची, एका हातची भाकरी.
थोरलीची साखर भसकन चढते, धाकटीची जागची हलत नाही.
का?
मी म्हटलं, भाकरी एकच, पण आत बसलेली पंगत निराळी.
चष्मेवाल्यांचं बिस्किट तोंडापाशी थांबलं.

मग अडचणी सांगून झाल्या,
मुलाकडच्यांनी मुलाचे दोष आधीच सांगून टाकावेत तशा.
फेलोशिप तीन-तीन महिने येत नाही.
फ्रीजर उणे ऐंशीचा, लाईट गेली की डिझेलला तुम्हीच पळायचं.
पेठच्या पाड्यांवर चाळीस घरं, नागली खाणारी;
आणि सिडकोत चाळीस, मूळची तिथलीच,
अंबडच्या शिफ्टमागं आलेली, आता चहा-पावावरची.
तीच नाती, तीच नाकं.
पोटातलं गाव मात्र उठून गेलं.
ते कुठं गेलं, हे शोधायचं.

हाच विषय का, असं शेवटी विचारलं.
मी अर्जातलंच म्हटलं. तंतू, स्थलांतर, विविधतेची घट.

म्हटलं नाही ते असं:
मस्टरवर सुकदेव, हाकेला सुक्या, माझा आजा
जुन्या नाशकात पहाटे मागच्या बोळांनी फिरायचा.
टोपली डोक्यावर. पुढच्या दारांना त्याची ओळख नव्हती.
पण कुणाकडं लग्न झालं, कुणाचं तूप संपलं,
कुठलं पोर जंतांनी खंगतंय,
हे तोंडं न बघता त्याला कळायचं.
एकदा आजीला म्हणाला, भद्रकालीतला तो म्हातारा
आता आठवडा काढत नाही.
नाही काढला.
हे कुणी लिहून घेतलं नाही. त्याला गाइड नव्हता,
आणि विचारील असा एकही माणूस
दहा हातांच्या आत येत नव्हता.

यादीत दुसरं नाव माझं,
बापानं गॅझेटात बदलून घेतलेल्या आडनावासकट.
आई म्हणाली, शिकून शिकून पुन्हा तेच?
मग बराच वेळ गप्प.
मग, हातमोजे मिळतात ना, एवढंच.

लॅबचा रिवाज: नव्यानं पहिला नमुना स्वतःचा द्यायचा.
दिला. पंख्याकडे न बघता.
सोबत फॉर्म, तीन पिढ्यांच्या आहाराचा.
मी: पोळी, भात, मिसळ महिन्यातून दोनदा (खोटं. चारदा).
बाप: बाजरी, बोंबील, पगाराला मटण.
आजा:
शाकाहारी, मांसाहारी, मिश्र, इतर.
इतरवर खूण केली. पुढच्या रेघेवर लिहिलं:
दुसऱ्यांच्या ताटात उरलेलं,
संध्याकाळी दारोदार मागून आणलेलं.

डेटा भरणारा ओजस स्क्रीनकडे बघत राहिला.
मॅडम, ह्याला कोडच नाहीये.
नवा उघड, मी म्हटलं,
आणि डबी बर्फावर ठेवली.